दीड व्होल्ट

“मेला काय रे?” आईनं विचारलं.

“नाही. बेशुद्ध आहे.”

“मंग पाणी मार त्याच्या तोंडावर.”

हा सल्ला कॉम्प्युटरबद्दल होता. त्याचं झाकण काढून मी त्याला टेबलावर आडवा केला होता आणि आईच्या खोलीतला कूलर ओढत आणून त्याच्या तोंडाशी लावला होता. १९ मे २००६, शुक्रवार, सकाळचे साडेदहा. अकोल्यात त्रेचाळीस अंश झाले होते आणि ऊन अजून कामावर रुजू व्हायचं होतं.

“डब्ब्याले कूलर आन् मले पंखा,” आई म्हणाली. “लेकराले जन्म देऊन हे पाहाची पाळी आली.”

“दोनच दिवस, आई.”

“त्याले काय ताप आला?”

“अजून नाही. येईल.”

शैलाताई, माझी मोठी बहीण, कामात होती. ती बाजूच्या टेबलावर फॉर्मचे गठ्ठे नंबरवार लावत बसली होती.

आमच्या दुकानाच्या पाटीवर ‘शारदा टायपिंग अँड कॉम्प्युटर्स’ असं लिहिलेलं होतं. ‘शारदा टायपिंग’ बाबांचं. बाबा गेल्यावर अकरा वर्षं ते ताईनं चालवलं. माझं इंजिनिअरिंग त्याच टकटकाटावर झालं, आणि शिकून आल्यावर मी पाटीवर ‘अँड कॉम्प्युटर्स’ एवढे शब्द जोडले. कॉम्प्युटर एकच होता. अनेकवचन भविष्याकडे बघून घातलं होतं.

रविवारी आमच्या समाजाच्या मंडळाचा वधू-वर मेळावा होता. मंडळाचे सचिव अरबट सर. निवृत्त मुख्याध्यापक; निवृत्त व्हायचं त्यांच्या अजून लक्षात आलं नव्हतं. एकशे शहाऐंशी मुलगे आणि दोनशे चौदा मुली. प्रत्येक मुलाची पत्रिका प्रत्येक मुलीशी जुळवून, कुणाचे कुणाशी किती गुण जमतात याची छापील यादी भिंतीवर लावायची, असा मंडळाचा रिवाज. आधी हे काम एक ज्योतिषीबुवा महिनाभर बसून करत. यंदा त्यांना मोतीबिंदू झाला, म्हणून समाजानं विज्ञानाची कास धरली. अमरावतीच्या एका मुलाकडून प्रोग्रॅम लिहून घेतला आणि तो चालवायचं काम मला दिलं.

वयाची अट होती. मुलगी अठराच्या पुढं आणि तिशीच्या आत, मुलगा एकविसाच्या पुढं आणि पस्तिशीच्या आत. पूर्वी ही अट सर स्वतः फॉर्म बाजूला काढून अमलात आणत, त्यामुळे चार घरांतून त्यांचं चहापाणी बंद झालं होतं. आता ती प्रोग्रॅमच्या पोटात घातली होती. फॉर्म सगळ्यांचे घ्यायचे, टाईप सगळे करायचे, यादी काढताना कॉम्प्युटर आजच्या तारखेवरून वय मोजणार आणि नको ते नाव आपोआप गाळणार. “म्हणजे आपण कुणाला नाही म्हटलं असं होत नाही,” सर म्हणाले होते. कॉम्प्युटरचा इतका नेमका उपयोग मला चार वर्षांच्या इंजिनिअरिंगमध्ये कुणी शिकवला नव्हता.

ताईला तेहतीस वर्षं आणि सात महिने झाले होते. दोन वर्षांपूर्वीच्या मेळाव्यात सर स्वतः घरी येऊन सांगून गेले होते, “शैला, तुझा फॉर्म आम्ही वेगळ्या फायलीत ठेवला आहे. सन्मानानं.” त्या फायलीतून लग्न ठरल्याचं कुणाच्या ऐकिवात नव्हतं. यंदा आईनं कुणाला न विचारता पुन्हा फॉर्म भरून गठ्ठ्यात सरकवला. चारशे फॉर्म ताईच टाईप करत होती. एकशे सत्याऐंशीवर तिला स्वतःचं नाव मिळालं. तिनं ते टाईप केलं आणि पुढचा फॉर्म घेतला. सरकारी टायपिंग परीक्षेत ती जिल्ह्यात पहिली आलेली. अकरा वर्षांत तिच्या हातून एक आकडा चुकल्याचं मला आठवत नाही.

त्या चारशे फॉर्मांत ती हसली फक्त एकदा.

“काय झालं?”

“मूर्तिजापूरचे एक जण आहेत. गुरांचे डॉक्टर. ‘मुलीकडून अपेक्षा’च्या रकान्यात लिहिलंय, गुरांची भीती नसावी. बस, तेवढंच.”

“वय?”

“सदतीस.”

“गळणार मग.”

“हो,” ताई म्हणाली.

माझी अडचण वयाची नव्हती, वेळेची होती. एक जोडी जुळवायला आमच्या मशीनला पाऊण सेकंदाला थोडा कमी वेळ लागायचा. जोड्या होत्या एकोणचाळीस हजारांच्या वर. म्हणजे पावणेआठ तास. आणि भारनियमनाच्या वेळापत्रकाप्रमाणे आमच्या भागात दिवसा वीज असायची दहा ते चार. सहा तास. अमरावतीच्या मुलानं प्रोग्रॅमला मधेच थांबून पुन्हा तिथून सुरू व्हायची सोय दिली नव्हती. वीज गेली की सगळं पहिल्या जोडीपासून. रात्रीची वीज यायची-जायची, तिचा भरवसा नव्हता. आमचा यूपीएस दहा मिनिटं टिकायचा, तेही त्याचं मन असेल तर.

सर गुरुवारी येऊन गेले होते.

“प्रफुल, शनिवारी संध्याकाळी यादी माझ्या हातात पाहिजे.”

“प्रयत्न करतो, सर.”

“प्रयत्न दहावीच्या पोरांनी करायचे असतात. यादी नसली तर हॉलला हजार माणसं येतील, बुंदी खातील आणि घरी जातील. मग पुढच्या वर्षी मी अमरावतीला काम देईन आणि तू टायपिंग शिकवशील.”

तर मशीन तीस टक्के जोरात पळवणं भाग होतं. त्याला ओव्हरक्लॉकिंग म्हणतात, एवढं मला ऐकून माहीत होतं. केलं कधीच नव्हतं. चौकातल्या कॅफेतून मी इंटरनेटवरची तीन पानं छापून आणली आणि चष्मा पुसून वाचली. कारखान्यानं प्रोसेसरचा वेग ठरवून दिलेला असतो, एक पूर्णांक आठ. तो आपण मशीनच्या सेटिंगमध्ये जाऊन दोन पूर्णांक चार करायचा. पण जोरात पळणाऱ्याला खुराक जास्त लागतो. हा खुराक म्हणजे व्होल्टेज. कमी पडलं तर मशीन चक्कर येऊन पडतं. जास्त झालं तर तापतं, आणि फारच तापलं तर कायमचं जातं.

मी खुराक न वाढवताच वेग वाढवला होता. म्हणून ते बेशुद्ध.

“आता?” ताईनं विचारलं.

“आता बॅटरी काढायची.” मदरबोर्डवर रुपयाच्या नाण्याएवढी एक बॅटरी असते. ती काढून पाच मिनिटांनी परत बसवली की मशीन आपण केलेले सगळे उद्योग विसरतं आणि मूळ वेगानं शुद्धीवर येतं.

“सगळं विसरतं?” ताईचा हात गठ्ठ्यावर गेला. “माझे फॉर्म?”

“ते दुसरीकडे असतात, त्यांना काही होत नाही. फक्त तारीख-वेळ विसरतं. ती पुन्हा टाकावी लागते.”

“मला बघू दे तरी.”

मशीन शुद्धीवर आलं, निळ्या पडद्यावर तारीख मागायला लागलं. मी म्हटलं, “तूच टाक, तुझी बोटं चुकत नाहीत. आणि तुझे फॉर्म बघून घे.” आणि मी कूलरसमोर उभा राहून ती तीन पानं पुन्हा वाचायला लागलो.

तिनं तारीख टाकली. प्रोग्रॅम उघडला. ‘पात्र उमेदवार’ अशी एक यादी त्यात असायची. गुण न जुळवता नुसती नावं. ती उघडली, खालपर्यंत गेली, आणि मान हलवली.

“जमलं?” मी विचारलं.

“अजून नाही,” ती म्हणाली आणि खुर्ची मला दिली.

मी म्हटलं, ती माझ्या कामाबद्दल बोलतेय. बरोबरच होतं, अजून जमलं नव्हतं.

मी व्होल्टेज एक पूर्णांक चारवरून एक पायरी वर नेलं. पायरी म्हणजे व्होल्टचा चाळिसावा भाग. वेग वाढवला, मशीन चालू केलं. पंखे फिरले, पडदा काळा.

“एवढंसं काहून देतोस?” ताई म्हणाली. “एकदम दीड देऊन टाक ना.”

“तसं नाही करायचं, ताई. हे बघ, इथं ठळक छापलंय. लागतं तेवढंच वाढवायचं. एक पायरी चढायची, बघायचं. नाही भागलं, आणखी एक. आणि भागलं की तिथंच थांबायचं. एक पायरीसुद्धा जास्त नाही. जास्त दिलं की मशीनवर ताण येतो आणि मग कुठंतरी जळाल्याचा वास येतो.”

“म्हणजे हाव नाही करायची.”

“हो, तेच इंग्रजीत आहे.”

तिनं ते पान माझ्या हातातून घेतलं आणि वाचलं. सावकाश, दोनदा.

दुसऱ्यांदा बॅटरी काढली. पाच मिनिटं. तिनं तारीख टाकली, फॉर्म तपासले. “अजून नाही.”

एक पायरी वर. मशीन सुरू झालं, खिडक्यांचं चित्र अर्धं आलं आणि तसंच थिजलं. पुन्हा चालू केलं तर तेही येईना. तिसऱ्यांदा बॅटरी. ताईनं तारीख टाकली, यादी उघडली, या वेळी बराच वेळ खाली-वर केली.

“फॉर्म आहेत ना सगळे?” मी विचारलं.

“फॉर्म सगळे आहेत. अजून थोडक्यात राहिलंय.”

“माझंही,” मी म्हणालो.

आणखी एक पायरी. या वेळी कॉम्प्युटर पूर्ण सुरू झाला. मी आईला हाक मारून दाखवलं. आई बघायला आली आणि त्यानं निळं होऊन मान टाकली.

“माह्या दिसण्यानं झालं असन,” आई म्हणाली आणि परत गेली.

चौथ्यांदा बॅटरी. ताई खुर्चीत बसली. तिच्या कपाळावरून घाम हनुवटीपर्यंत आला होता आणि ती तो पुसत नव्हती. तिनं तारीख टाकली. यादी उघडली. खाली गेली. थांबली.

“आलं,” ती म्हणाली.

“काय?”

“सगळं. आता तू तुझं कर.” आणि ती उठून चहा टाकायला आत गेली. त्रेचाळीस अंशात चहा. मला वाटलं, उन्हाचा परिणाम.

मी चौथी पायरी चढलो. दीड व्होल्ट. वेग दोन पूर्णांक चार. मशीन सुरू झालं आणि सुरूच राहिलं. चाचणीचा एक प्रोग्रॅम असतो, तो प्रोसेसरला विनाकारण अवघड गणितं घालतो. तो मी दुपारभर चालवला. तापमान एकसष्टवर जाऊन थांबलं. पासष्टच्या वर जाऊ देऊ नका असं पानावर होतं. आई मधून मधून येऊन कूलरच्या वाळ्यावर पाणी मारत होती. “एवढी शेवा तुमच्या बाबाची केली असती तं अजून असते,” असं ती म्हणाली, पण पाणी मारत राहिली.

शनिवारी दहा वाजून चार मिनिटांनी वीज आली आणि मी जुळवणी सुरू केली. त्यानंतरच्या साडेपाच-पावणेसहा तासांत करण्यासारखं काहीच नव्हतं. मी जेवलो नाही. ताई जेवली, भांडी घासली, आणि खुर्ची घेऊन पडद्यासमोर बसली. पडद्यावर जोडीचा नंबर फक्त पळत होता. तीन वाजता सर आले.

“किती झालं?”

“तेहतीस हजार नऊशे, सर.”

“चालू दे.” त्यांनी उघड्या मशीनकडे पाहिलं, कूलरकडे पाहिलं. मग ताईकडे बघून आवाज खाली आणला. “शैला, तुझा फॉर्म आईंनी पुन्हा दिलेला दिसला. कॉम्प्युटरचं काम आहे आता. माझ्या हातात काही राहिलेलं नाही, बाप्पा.”

“मला माहीत आहे, सर,” ताई म्हणाली. “सरबत घ्या.”

तीन बावन्नला जुळवणी संपली. प्रिंटरला शेवटची पानं यूपीएसवर काढावी लागली. शेवटचं पान बाहेर पडलं आणि मशीनचा पंखा थांबला. सरांनी गठ्ठा न बघता पिशवीत घातला आणि आयुष्यात पहिल्यांदा मला शाबास म्हणाले.

रविवारी हॉलच्या भिंतीवर यादी लागली. मी माझं कर्तृत्व बघायला गर्दीत शिरलो. एकशे सत्याऐंशी. कुमारी शैला खोडके, टायपिंग इन्स्टिट्यूट, अकोला. वय २९.

मी पुन्हा वाचलं. मग इतरांची वयं वाचली. मला माहीत असलेला प्रत्येक माणूस चार वर्षांनी लहान होता. जन्मतारखा यादीत नसायच्या. लोक त्या उतरवून दुसऱ्या ज्योतिष्याकडे जातात म्हणून मंडळानं त्या छापणं बंद केलं होतं. बावीस-तेवीस वर्षांचे मुलगे अल्पवयीन म्हणून गळाले होते आणि वेगळ्या फायलीतली सगळी मंडळी सन्मानासकट भिंतीवर आली होती.

ताई माझ्या मागंच उभी होती.

“ताई,” मी हळूच म्हणालो, “घोटाळा झाला. मशीनची तारीख चुकली. बॅटरी माझ्याकडून नीट बसली नसणार.”

“असं?”

“सांगू का सरांना?”

“सांग की. पण यादी पुन्हा काढायला सहा तास लागतात ना? आणि वीज चारला जाते.”

मी घड्याळ बघितलं. साडेअकरा झाले होते. मी नाही सांगितलं. घाबरून नाही सांगितलं, पण ताईसाठी सांगितलं नाही असं मी स्वतःला समजावलं, आणि पुढं बरीच वर्षं त्यावर छाती काढून वावरलो.

तक्रारी आल्या, पण फक्त पोरसवद्या मुलांच्या आईबापांकडून. सर माइकवर गेले. “कॉम्प्युटरनं शास्त्रीय पद्धतीनं विचार करून लहान मुलांना आधी स्थिरस्थावर व्हायला सांगितलं आहे,” असं ते म्हणाले आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. स्वतःचं वय कमी छापलं गेलं म्हणून मात्र हजार माणसांत एकानंही तक्रार केली नाही. समाजात एवढं एकमत मी त्याआधी आणि त्यानंतर पाहिलेलं नाही. आणि समोरच्याचं वय वाचताना जो तो रिवाजाप्रमाणे मनात चार वर्षं मिळवतच होता, त्यामुळे खरं वय सगळ्यांना बरोबर कळलं.

जेवणाच्या रांगेत एक उंच, उन्हानं रापलेला माणूस बुंदीची पत्रावळ सांभाळत ताईजवळ आला.

“खोडके का? मी दिवाकर टाले, मूर्तिजापूर. आपले साडेएकवीस गुण जमतात असं भिंतीवर आहे.”

“वाचलं मी.”

“गुरांची भीती वाटते का तुम्हाला?”

“अकरा वर्षं टायपिंगचे वर्ग घेतलेत,” ताई म्हणाली.

तो विचार करून हसला. मग ताई म्हणाली, “एक आधीच सांगते. यादीत चूक आहे. मला तेहतीस पूर्ण आहेत.”

“मग माझंही चुकलंय. मी सदतीसचा. मला वाटलं, मंडळानं सूट दिली.”

डिसेंबरात लग्न झालं. त्या मेळाव्यातून त्या वर्षी अकरा लग्नं जमली, त्यातली सात वेगळ्या फायलीतली. सर पुढच्या मेळाव्यात माझा सत्कार करणार होते, पण पुढच्या मेळाव्यात अमरावतीचा मुलगा कमी दरात आला.

ही सतरा वर्षांपूर्वीची गोष्ट. गेल्या वर्षी मी दुकान नव्या जागेत हलवलं, तेव्हा माळ्यावर त्या यादीची एक प्रत सापडली. मूर्तिजापूरला निघालो होतो, ताईला गंमत म्हणून दाखवावी म्हणून बरोबर घेतली. बसमध्ये चाळताना पानाच्या तळाशी नजर गेली. प्रोग्रॅम प्रत्येक पानाखाली मशीनची तारीख छापायचा.

२०/०५/२००२.

मूर्तिजापूर येईपर्यंत मी दुसरं काही वाचलं नाही. बॅटरी काढली की ते मशीन एकाच तारखेवर जायचं, एक जानेवारी दोन हजार. दरवेळी. बॅटरी विसरते तेव्हा सगळंच विसरते. वीस तारीख आणि मे महिना लक्षात ठेवून नुसतं वर्ष विसरणारी बॅटरी मी अजून पाहिलेली नाही.

ताई अंगणात होती. भाऊजी गोठ्यात एका वासराशी बोलत होते. मी पान तिच्यासमोर धरलं आणि तळाशी बोट ठेवलं.

तिनं चष्मा लावून पाहिलं.

“ताई, ही तारीख बॅटरीची नाही.”

“नाही.”

“तू टाकलीस.”

“चार वेळा बॅटरी काढलीस ना तू. चार वेळा मला तारीख टाकायला लावलीस. पहिल्यांदा दोन हजार पाच टाकलं. नाही आलं. मग चार. मग तीन. तीनलाही तीस वर्षं सात महिने होत होते, थोडक्यात राहिलं. दोनला आलं.”

मी म्हणालो, “इतकं होतं तर एकदम दहा वर्षं मागं न्यायचं. एकाच वेळेत काम झालं असतं.”

ताईनं पानाची घडी घातली, आधी होती तशीच, आणि माझ्या हातात दिली.

“तूच वाचून दाखवलं होतंस ना,” ती म्हणाली. “लागतं तेवढंच. एक पायरीसुद्धा जास्त नाही.”

आणि गोठ्याकडे तोंड करून तिनं हाक मारली, “अहो, प्रफुल आलाय. चहा टाकते.”